आधी पाणी, मग चुना

प्रश्न : मी कार्यालयीन नोकरी करतो. जुन्या इमारतींची ओढ असल्यामुळे त्यांच्या दुरुस्तीवर बरेच वाचले आहे. परंतु हातात थापी कधी धरलेली नाही. चाळिशीनंतर हे काम प्रत्यक्ष शिकता येईल का? सुरुवात चुन्यापासून करावी, लाकडापासून की दगडापासून?

उत्तर : शिकता येईल. वयाची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नसते, घाईची मात्र असते. तुम्ही मांडलेल्या तिन्ही पर्यायांच्या आधी एक चौथी गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे इमारतीत पाणी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे ओळखणे. तुंबलेली पन्हळ, सरकलेले कौल, भिंतीच्या पायथ्याशी चढत गेलेला मातीचा थर अशा किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींपासून बहुतेक दुखणी सुरू होतात, आणि ओलीचा डाग जिथे दिसतो तिथेच तिचा उगम असतो असेही नाही. पाणी थांबवल्याशिवाय केलेला नवा गिलावा, कितीही कौशल्याने केलेला असला, तरी पुन्हा फुगतोच.

त्यानंतर चुना घ्यावा, कारण जुन्या भिंतीचा स्वभाव त्यातून कळतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून मुरवली की मऊ लगदा तयार होतो, आणि हा लगदा भिंतीत गेल्यावर हवेतला तोच वायू सावकाश परत घेत पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. विरवताना चुनकळी थोडी थोडी करून भरपूर पाण्यात टाकावी. उलट क्रमाने, म्हणजे चुनकळीवर थोडेसे पाणी ओतून, कधीही करू नये. मिश्रण अक्षरशः उकळते आणि उडालेला थेंब डोळा कायमचा अधू करू शकतो. म्हणून हातमोजे आणि बंदिस्त चष्मा यांत सवलत नाही, आणि नवशिक्याने पहिले काही महिने तयार, मुरलेला चुना वापरलेलाच बरा.

एका चुन्याला तीन वाळू हे प्रमाण तुम्ही वाचलेले असेलच, पण ते पाठ करण्यापेक्षा एकदा मोजून पाहावे. भांडे कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि वाळूच्या पृष्ठभागाशी पाणी येईपर्यंत मापाने पाणी ओतत राहा. जितके पाणी मावले तितकी वाळूच्या कणांमधली पोकळी, आणि ती पोकळी भरून काढणे हेच चुन्याचे काम असते. ओबडधोबड, लहानमोठ्या कणांच्या वाळूत हे माप साधारण एक तृतीयांश येते. एकसारख्या बारीक वाळूत ते वाढते, म्हणजे तिला चुनाही जास्त लागतो.

सरावासाठी खऱ्या वास्तूला हात लावू नका. जुन्या विटांची कमरेएवढी भिंत चुन्यात रचा, तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडा आणि पुन्हा भरा. दरज तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करावी, धूळ झटकावी, पाणी मारून विटेची तहान भागवावी आणि मगच चुना आत दाबून बसवावा. मी स्वतः पहिल्यांदा भरलेल्या दरजा दुपारच्या उन्हात उघड्या ठेवल्या होत्या. आठवड्याने त्या बोटाने खरवडून निघाल्या. चुना वाळला होता, पण घट्ट झाला नव्हता. या दोन गोष्टींतला फरक मला त्या भिंतीनेच शिकवला. तेव्हापासून, भरलेल्या दरजा झाकून ओलसर ठेवायला ओले गोणपाट हाताशी असल्याशिवाय मी कामाला सुरुवात करत नाही.

अल्पकालीन कार्यशाळेत कामाचा क्रम आणि शब्द कळतात; हात बसतो तो जाणत्या गवंड्याच्या शेजारी, बहुधा त्याचे मिश्रण कालवून देता देता. कार्यशाळा निवडताना शिकवणारा स्वतःची फसलेली कामे दाखवतो का, एवढे विचारून पाहावे.

प्रश्न : आमच्या जुन्या विटांच्या भिंतीच्या दरजा काही वर्षांपूर्वी सिमेंटने भरल्या. आता दरजा शाबूत आहेत, पण विटांचेच पापुद्रे निघत आहेत. सिमेंट सगळे काढून टाकावे का?

उत्तर : तुमची विट निकृष्ट नाही. भिंतीतली ओल पूर्वी मऊ, सच्छिद्र दरजेतून बाहेर पडत असे. ती वाट सिमेंटने बंद झाल्यावर ओल विटेतून बाहेर पडू लागली, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूप झाले आणि त्यांनी विटेचा चेहरा सोलून काढला. दरज नेहमी विटेपेक्षा दुबळी असावी, म्हणजे झीज व्हायची ती दरजेची होते आणि दरज पुन्हा भरता येते.

टणक म्हणजे चांगले हा समज फार मोठ्या ठिकाणीही महागात पडला आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या दुरुस्तीत संगमरवरी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले गेले. प्राचीन कारागिरांनी लोखंडावर शिशाचे आवरण दिले होते, नव्या पट्ट्यांना ते नव्हते. गंज फुगला आणि दगड तडकले. १९७५ नंतरच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम वापरावे लागले.

तरीही सरसकट तोडफोड करू नका. सिमेंट विटेला घट्ट धरून असेल, तर ते काढताना विटांच्या कडाच निघतात आणि दुरुस्तीचे नुकसान मूळ चुकीपेक्षा मोठे होते. नजरेआड असलेल्या भागात हातभर जागा निवडा, अरुंद छिन्नीने, हाताने, हलके ठोके देऊन पाहा. सिमेंट सुटून येत असेल तर पुढे जा. नसेल तर ते आपणहून सैल होण्याची वाट पाहा. कापणीयंत्र नवशिक्याच्या हाती मुळीच देऊ नये.

प्रश्न : तुळईचे टोक कुजले आहे. सुतार संपूर्ण तुळई बदलण्यास सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : टोचणीने तपासा. लाकूड जिथे कठीण लागते तिथपासून पुढची तुळई सहसा ठेवता येते; कुजका भाग कापून, त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. सांध्यावर येणारा भार मात्र स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावा आणि तोवर तुळईला टेकू द्यावा. नवा तुकडा जुना भासावा म्हणून रंगवू नका. बदललेला भाग मूळ भागाशी मिळताजुळता, तरीही ओळखू येणारा असावा, असे जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही म्हटले आहे. आणि तुळईचे ते टोक भिंतीत जिथे शिरते, त्याच्या बरोबर वरची पन्हळ आधी पाहून या.