धनुष्याच्या पाठीवर नक्षीचे कापड चिकटवताना

प्रश्न : मी एकसंध लाकडातून धनुष्य तासले असून त्याचे दोन्ही बाहू आता सारखे वाकतात. पाठीवर नक्षीचे रेशमी कापड चिकटवण्याची इच्छा आहे. एका जागी रंधा खोल गेल्यामुळे लाकडाचे वलय (झाडाच्या खोडावर दरवर्षी चढणारा वाढीचा थर) कापले गेले आहे. कापडाने तो दोष झाकला जाईल आणि धनुष्याला बळकटीही येईल, असे वाटते. हे योग्य आहे का?

उत्तर : कापड अवश्य चिकटवा, पण दोष झाकण्यासाठी चिकटवू नका. धनुष्य खेचले की बाणाच्या दिशेची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठीवर एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड असेल, तर तंतू हा ताण सलग वाहून नेतात. वलय कापले गेले असेल, तर तंतू तिथेच संपतात आणि चीर उठते ती नेमकी त्या जागी. पातळ रेशीम अशा चिरेतून उठू पाहणारी कुसळे दाबून धरते, एवढाच त्याचा खरा उपयोग. विणलेल्या कापडातील धागे मुळातच नागमोडी असतात. ते सरळ होऊन ताण घेऊ लागेपर्यंत लाकडाने आपली मर्यादा गाठलेली असते. म्हणून आधी पुरेशी जाडी असेल तर पूर्ण पाठ एक वलय खाली उतरवा आणि पोटाकडून पुन्हा समतोल साधा. जाडी नसेल, तर धनुष्य कमी खेचाचे, म्हणजे ओढायला हलके, ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

कापड सुती, रेशमी किंवा लिननचे घ्यावे. कृत्रिम धाग्यांवर लाकडाचा गोंद नीट धरत नाही. नवे कापड धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, वाळवा आणि इस्त्री करा. कापताना उभा धागा धनुष्याच्या लांबीला समांतर हवा. तिरके कापलेले कापड ओल्या गोंदावर हाताखाली लांबत जाते आणि नक्षी वाकडी होते. मूळ रंग तसाच दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नका. गोंद मुरला की फिकट रेशीम जवळजवळ पारदर्शक होते आणि खालचे लाकूड डोकावते, त्यामुळे त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी नमुना चिकटवून पाहावा.

पाठीवर 120 नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका, लांबीच्याच दिशेने फिरवा, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर तिथे बोटे लावू नका, कारण हाताचे तेल गोंदाला नडते. लाकूड व कापड दोन्हींवर गोंदाचा पातळ थर द्या, मुठीपासून सुरुवात करून टोकांकडे अंगठ्याने दाबत जा. बुडबुडा दिसला, तर कापड उचलून पुन्हा बसवा. टाचणीने तो फोडण्याच्या भानगडीत पडू नका.

यानंतर संयम लागतो. पाण्याचा अंश असलेल्या गोंदामुळे लाकूड ओलावा शोषून मऊ पडते. मी एकदा दुसऱ्याच दिवशी दोरी चढवली होती आणि त्या धनुष्याने जो कायमचा बाक घेतला, तो पुढे कधीच सुटला नाही. किमान 4 ते 5 दिवस, दमट हवेत आठवडाभर, धनुष्य हवेशीर जागी दोरीविना ठेवा.

बाहेर आलेली कड धारदार पात्याने कापून पॉलिश पेपरने उतरवताना हात नेहमी पाठीकडून पोटाकडे जाऊ द्या. उलट दिशेने घासल्यास धागे उचलले जातात. पुढे बाहूंत काही फरक जाणवला, तर लाकूड फक्त पोटाकडून काढा. शेवटी वॉर्निशचे 3 ते 4 पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. पहिले काही दिवस प्रत्येक सरावानंतर तो कापलेल्या वलयाचा भाग तिरप्या प्रकाशात तपासा. कापडाखाली लहानशीही उंच रेघ दिसली, तर दोरी लगेच उतरवा.