वाचकांचे प्रश्न: व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर आणि शून्यावर न येणारा काटा

प्रश्न: वडिलांच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला, एलए-२ए जातीचा, व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा कॉम्प्रेसर, म्हणजे फार मोठा होणारा आवाज आपोआप दाबणारे यंत्र, आमच्याकडे आहे. चार-पाच वर्षे तो बंद होता. मागच्या महिन्यात सुरू केला तेव्हापासून घरघर ऐकू येते, ‘गेन रिडक्शन’वर (आवाज किती दाबला ते दाखवताना) मीटरचा काटा शून्याला टेकत नाही, आणि आवाज किती दाबायचा ते ठरवणारा ‘पीक रिडक्शन’चा नॉब पूर्वी ४० वर पुरत असे तो आता ८० पर्यंत न्यावा लागतो. आतले-बाहेरचे छोटे स्क्रू फिरवून हे सगळे जुळवता येईल का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: स्क्रू सध्या फिरवू नका. जुळवणी ही निरोगी यंत्राची करायची असते. बिघाड आत ठेवून काटा शून्यावर आणला, तर बिघाड तसाच राहतो आणि त्याची खूण तेवढी पुसली जाते.

आधी या यंत्राची रचना लक्षात घ्या. जेम्स लॉरेन्स यांनी टेलिट्रॉनिक्ससाठी तयार केलेल्या या कॉम्प्रेसरमध्ये आवाज दाबण्याचे प्रत्यक्ष काम व्हॉल्व्ह करीतच नाहीत. टी४ नावाच्या बंद डबीत एक प्रकाशपट्टी असते आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे दोन प्रकाशरोधक (प्रकाश पडला की ज्यांचा वीजरोध घटतो असे भाग) बसवलेले असतात. आवाजाचा एक भाग १२एएक्स७ आणि ६एक्यू५ या व्हॉल्व्हमधून मोठा होऊन पट्टीला मिळतो, पट्टी उजळते, पहिल्या रोधकाचा रोध घटतो आणि तो आवाजाचा काही अंश जमिनीकडे (ग्राउंडच्या तारेकडे) वळवतो. दुसरा रोधक फक्त मीटर चालवतो. म्हणजे काटा जे दाखवतो ती शेजारच्या रोधकाची साक्ष असते. काटा चुकला म्हणून आवाजही चुकला असे मानण्याचे कारण नाही. नॉब ८० पर्यंत न्यावा लागतो ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे मूळ थकलेल्या ६एक्यू५ मध्ये, कमी पडणाऱ्या वीजदाबात किंवा मंदावलेल्या पट्टीत असू शकते. हा क्रम मी मुद्दाम असा लिहिला आहे. अनेक वर्षांपूर्वी, अगदी याच लक्षणावर, मी एका गृहस्थांना महागडी टी४ डबी बदलायला लावली. फरक पडला नाही, आणि शेवटी नवा ६एक्यू५ लावताच यंत्र पूर्ववत झाले. त्या खर्चाची खंत मला आजही आहे.

आता प्रत्यक्ष काम. आत अडीचशे व्होल्टपेक्षा अधिक डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून काही सेकंद तो उतरवा, मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा, आणि मगच हात घाला. याची सवय नसेल तर व्हॉल्व्हच्या कामाचा अनुभव असलेल्या कारागिराला शेजारी बसवा.

यंत्र यापुढे थेट मेन्सवर लावू नका. सिरीज बोर्डावर (ज्यात वीज बल्बमधून यंत्राकडे जाते) १०० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब घालून डिमरस्टॅटने, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, दाब हळूहळू चढवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. सगळे नीट दिसल्यावर बल्ब काढून, पूर्ण दाबावर हीटरचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेचा, दाब मोजा. तो ६.३ व्होल्ट हवा. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि घरात २४५ व्होल्ट येत असतील, तर हीटरला ७ व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते.

घरघरीचा स्वर ऐका. हीटरच्या तारांतून येणारी घरघर ५० हर्ट्झची असते, तर सुकलेल्या फिल्टर कंडेन्सरमुळे (डीसी दाब सपाट करणाऱ्या कंडेन्सरमुळे) येणारी १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची. गाणाऱ्या घरातल्या कानाला हा फरक लगेच कळतो. इतकी वर्षे बंद राहिलेल्या यंत्रात माझा पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर असेल, आणि ते महाराणी रोडवर शोधताना व्होल्टचा आकडा जुन्यापेक्षा कमी घेऊ नका. टप्प्याटप्प्यांना जोडणारे कंडेन्सरही तपासा: यंत्र बंद करून, दाब उतरवून, पुढच्या टप्प्याकडचा पाय सोडवा, मग यंत्र चालू करून त्या मोकळ्या पायावर डीसी मोजा. आकडा क्षणभर चढून शून्याकडे यावा. काही व्होल्टवर अडून राहिला तर तो कंडेन्सर गळतो आहे. पावसाळ्यात काळवंडलेल्या व्हॉल्व्हच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. टी४ डबीचा विचार यानंतरच करा.

एवढे झाले की स्क्रू. यंत्र अर्धा तास तापू द्या, कारण थंड यंत्राचा काटा आपोआप सरकत राहतो. आवाज न देता, पीक रिडक्शन शून्यावर ठेवून, यंत्राच्या पुढच्या बाजूच्या स्क्रूने काटा शून्यावर आणा. मग आउटपुटला ६०० ओहमचा रेझिस्टर जोडून १ किलोहर्ट्झचा स्वर द्या आणि गेन (आवाज वाढवणारा नॉब) असा ठेवा की आउटपुटवर १.२३ व्होल्ट दिसतील. पीक रिडक्शन वाढवत काटा उणे ५ डेसिबलवर आणला की आउटपुट ०.६९ व्होल्टच्या आसपास आणि उणे १० वर ०.३९ व्होल्टच्या आसपास यावे. थोडा फरक चालतो. खूप फरक असेल तर दोन रोधकांची जोडी जुळत नाही, आणि तेव्हा काट्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. साध्या मल्टिमीटरचा एसी आकडा १ किलोहर्ट्झला बिनचूक असतोच असे नाही. ट्रू आरएमएस मीटर (एसीचा परिणामी दाब खरा मोजणारा) मागून आणा.

आर३७ हा स्क्रू वेगळ्या कामाचा आहे. एफएम प्रसारणात उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, त्यांना यंत्राने अधिक दाबावे म्हणून तो ठेवलेला आहे. आपल्याला गाणेच मुद्रित करायचे आहे, तेव्हा तो घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे उंच आणि मधले स्वर सारखेच दाबले जातील.

प्रश्न: माझ्याकडच्या अशाच कॉम्प्रेसरमध्ये गायकाची लांब, जोरकस तान संपल्यावर आवाज मूळ पातळीवर यायला काही सेकंद लागतात. टी४ खराब झाली का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: नाही, हा या रोधकांचा स्वभावच आहे. आवाजावरचा निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत, आधी किती वेळ आणि किती जोराने दाबले होते त्यानुसार. गाण्यावर हे यंत्र इतके सहज बसते ते याच गुणामुळे. एखादाच छोटा ठोका देऊन पाहा. त्यानंतरही काटा पाच सेकंदांहून अधिक रेंगाळत असेल, तर डबी तपासून घ्या.