दार नसलेले तीन आठवडे

"व्हिसा नाकारला गेला तर किती बरं होईल, असं वाटायला लागलंय मला, मॅडम."

खुर्चीत टेकल्या टेकल्या ती हे बोलली. वय वीस, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. विद्यापीठातून अठरा मुलामुलींचा गट तीन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी जाणार होता, सोबत दोन शिक्षक. निवड चुरशीची होती आणि यादीत तिचं नाव वरचं होतं. निघायला नऊ आठवडे उरले होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हे लिहायला तिची परवानगी आहे.)

मी समुपदेशक. दौऱ्यांचा हंगाम आला की हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. शाळेपासून जगाचं वेड असतं, बातम्या पाठ असतात, दोन-तीन भाषा थोड्या थोड्या शिकून झालेल्या असतात. आणि तिकीट हातात आलं की पोटात गोळा येतो. "इतकी वर्षं हेच हवं होतं ना मला? मग आता जावंसं का वाटत नाही?" या प्रश्नाबरोबर लाजही असते. आपली आवड खोटीच होती की काय, अशी शंका येते. आवड खोटी नसते, हे मी आधीच सांगून टाकते.

तिने एक वही आणली होती. त्यात भीतीचे एकतीस मुद्दे, क्रमांक घालून लिहिलेले. पासपोर्ट हरवला तर, विमान चुकलं तर, भाषा कळली नाही तर, आजारी पडले तर. इथे माझ्याकडून चूक झाली. मी ती वही खरी मानली आणि दोन भेटी त्यातच घालवल्या. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर पुरेशी शिल्लक हवी, बरेच देश सहा महिने मागतात. त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेव. विम्याच्या कागदावरचा आपत्कालीन क्रमांक वेगळा लिहून घे. तिला हे सगळं माझ्याहून जास्त माहीत होतं. ती मान डोलवायची, टिपून घ्यायची आणि आली तशीच परत जायची.

तिसऱ्या भेटीत मी वही मिटायला सांगितली आणि विचारलं, "या यादीत काय लिहिलं नाहीस?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "खोली कुणाबरोबर ते अजून सांगितलेलं नाही."

तिथून खरी गोष्ट सुरू झाली. पहिल्या वर्षाला असताना भरलेल्या परीक्षागृहात तिला पॅनिक अटॅक आला होता. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आता मरणार अशी खात्री. लोक जमले, कुणीतरी मोबाइल काढला. नंतर आणखी तीन-चार वेळा असं झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन हे चिंतेवरचं रोज घ्यायचं औषध सुरू केलं, आणि फारच गरज पडली तर घ्यायला क्लोनाझेपामच्या, म्हणजे चटकन शांत करणाऱ्या औषधाच्या, थोड्या गोळ्या दिल्या. वर्षभरात ती खूप सावरली. पण सावरताना तिने एक व्यवस्थाही लावून घेतली होती: कुठेही गेली तरी दाराजवळ बसायचं, आणि काही वाटलं की उठून घरी जायचं. घरी तिची स्वतःची खोली होती, खोलीला कडी होती. तीन आठवड्यांच्या दौऱ्यात ती कडी कुठेच नव्हती. एकत्र खोली, एकत्र बस, एकत्र जेवण, आणि आजूबाजूला तीच सतरा माणसं, ज्यांच्याबरोबर पुढची दोन वर्षं वर्गात बसायचं होतं.

नकाशा तिला कधी उलट बघत नव्हता. खोलीतली मैत्रीण बघणार होती.

मग ती जे बोलली त्याने मी सरळ होऊन बसले. "मी ठरवलंय, जायच्या आधी दहा दिवस गोळ्या बंद करायच्या. म्हणजे पाकीट कुणाला दिसणार नाही."

इथे मी थोडी थांबते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी हाच बेत मनात धरून असेल. कृपा करून असं करू नका. सर्ट्रालीनसारखी औषधं एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारख्या लहरी, अशी लक्षणं काही दिवसांतच दिसू शकतात. दहा दिवस आधी थांबवल्या असत्या तर ऐन विमानतळावर ती या अवस्थेत उभी राहिली असती, आणि मूळ त्रास उलटून यायची शक्यता होतीच. औषध कमी करायचं की नाही, किती करायचं, हे फक्त देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि प्रवासाच्या तोंडावर तर सहसा नाहीच.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधीचाच डोस कायम ठेवला आणि एक पत्र दिलं: आजाराचं नाव, औषधांची मूळ नावं, मात्रा, रोज किती. मूळ नावं महत्त्वाची, कारण पाकिटावरचं कंपनीचं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळत नाही. औषधं मूळ पाकिटातच ठेवायची आणि हातातल्या पिशवीत न्यायची. मोठी बॅग उशिरा आली तरी गोळी चुकता कामा नये. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. क्लोनाझेपाम ज्या गटातलं आहे ती औषधं मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहेत, त्यामुळे चिठ्ठी असली तरी किती न्यायची आणि आधी परवानगी लागते का, हे प्रत्येक देश वेगळं ठरवतो. काही बाबतीत तर चिठ्ठीचाही उपयोग नसतो. एकाग्रतेच्या त्रासासाठी काही देशांत सर्रास दिलं जाणारं ॲम्फेटामीन जपानमध्ये डॉक्टरांच्या पत्रासह नेलं तरी बेकायदाच ठरतं. म्हणून ज्या देशात जायचं आणि ज्या देशात विमान बदलायचं, त्या दोन्हींच्या वकिलातींकडे विचारायचं. तिने ईमेल केला, उत्तर आलं, ते छापून पत्राला जोडलं. त्या दिवशी तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसला.

आता तिने हे का लपवलं, तेही सांगायला हवं. दौऱ्याच्या माहितीचा तक्ता ऑनलाइन होता आणि सगळ्या गटाला उघडा होता. नाव, रक्तगट, आहार आणि शेवटचा रकाना "काही आजार?" अठराही जणांना एकमेकांची उत्तरं दिसत होती. अशा रकान्यात वीस वर्षांची मुलगी "नाही" लिहिणार नाही तर काय लिहिणार? दौरे नेणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आरोग्याची माहिती एकाच माणसाकडे, बंद पाकिटात किंवा खासगी अर्जावर घ्या, आणि ती कोण वाचणार ते आधीच सांगा. त्या "नाही"चा आणखी एक धोका असतो. प्रवासविमा घेताना आधीपासूनचा आजार लपवला तर परदेशात दवाखान्याचं बिल समोर आल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो.

मी तिला सगळ्यांना सांगायला लावलं नाही. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हा हक्क तिचा. पण कुणालाच न सांगता तीन आठवडे काढायचे म्हणजे रोज सोळा तास पहारा देणं, आणि त्या पहाऱ्यानेच अटॅकला वाट मिळते. आम्ही दोनच माणसं ठरवली: बरोबर येणाऱ्या शिक्षिका आणि खोलीतली मैत्रीण. ती कोण असेल ते माहीत नव्हतं, म्हणून आधी सराव.

निघायच्या पाच आठवडे आधी गटातल्या चौघी प्रकल्पासाठी दोन रात्री एकीच्या घरी राहणार होत्या. ती गेली. पहिल्याच रात्री, तिघी गप्पा मारत असताना, छाती धडधडायला लागली. ती न्हाणीघरात जाऊन अर्धा तास बसली. सोमवारी माझ्याकडे येऊन म्हणाली, "हरले मी."

"घरी गेलीस का?"

"नाही. दुसऱ्या रात्रीही थांबले."

हे तिने माझ्यासमोरच पहिल्यांदा ऐकलं, स्वतःच्या तोंडून. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने अटॅक आल्यावरही जागा सोडली नव्हती. भीतीतून पळ काढला की त्या क्षणी सुटका होते, पण मेंदू शिकतो की पळालो म्हणूनच वाचलो. थांबलं तर तो दुसरं काहीतरी शिकतो. अर्धा तास न्हाणीघरात बसून का होईना, ती थांबली होती.

"सगळ्यांना कळलंच असेल," ती म्हणाली. तेव्हा मी तिला कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांचा. प्रत्यक्षात पाव हिश्श्यालाही ते आठवत नव्हतं. आपल्याला वाटतं तितके लोक आपल्याकडे बघत नसतात. पण कुणीच बघत नाही, असंही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीने हळूच विचारलं होतं, "बरी आहेस ना?" आणि जास्त खोदलं नव्हतं.

"मग तीच," मी म्हणाले.

काय सांगायचं त्याची चार वाक्यं आम्ही बसवली. मला कधीकधी पॅनिक अटॅक येतो. भयंकर वाटतो, पण जिवाला धोका नसतो, दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. तेव्हा नुसती शेजारी बस, लोकांना गोळा करू नकोस. अर्ध्या तासात थांबला नाही किंवा नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर आपल्या शिक्षिकांना बोलाव. ती घरी आरशासमोर म्हणायची, माझ्यासमोर म्हणायची, दर वेळी दुसऱ्या वाक्याला आवाज कापायचा. शेवटी बसथांब्यावर, बस येता येता तिने ते बोलून टाकलं. मैत्रीण म्हणाली, "बरं. शेजारी म्हणजे किती शेजारी? हात धरू की नको?" एवढंच. दोघींनी एकच खोली मागून घेतली.

शिक्षिकांना सांगणं त्या मानाने सोपं गेलं. दिवसाच्या शेवटी जेवणाआधी चाळीस मिनिटं एकटं राहायची मुभा तिने मागितली, आणि बाईंनी ती सगळ्याच गटाला देऊन टाकली. माहितीचा उघडा तक्ता काढून खासगी अर्ज घेतला. त्यानंतर आणखी तिघांनी आपली माहिती नव्याने दिली, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. नावं त्यांनी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत.

निघायच्या आधीच्या आठवड्यात ती अभ्यास करून आली: "कल्चर शॉकचा उतार कितव्या दिवशी येतो?" कल्चर शॉक म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर होणारी घालमेल. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही कल्पना रुळवली, आणि १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून सुरुवातीचा आनंद, मग घसरण, मग पुन्हा चढ असा आलेख मांडला. पण तो आलेख कित्येक महिन्यांच्या मुक्कामाचा होता. पुढे १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा सगळ्यात जास्त ताण अगदी पोचल्यावरच दिसला. मला स्वतःला तीन आठवड्यांच्या दौऱ्यांत हेच दिसत आलंय. पहिले तीन-चार दिवस वाईट. त्यात अर्धा वाटा झोपेचा. गट पूर्वेकडे निघाला होता, पाच तासांचा फरक. आपलं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे ते मागे ढकलणं सोपं आणि पुढे ओढणं अवघड. पूर्वेला जाताना साधारण तासाला एक दिवस धरावा. न झोपलेल्या माणसाला सगळीच माणसं परकी वाटतात, आपलीसुद्धा. म्हणून मी तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: पाचव्या दिवसापर्यंत दौऱ्याबद्दल किंवा स्वतःबद्दल कसलाही निकाल द्यायचा नाही. सकाळी उजेडात चालायचं, गोळी तिथल्या सकाळी घ्यायची, आणि आईला दिवसातून एकच ठरलेला निरोप. चार-चार व्हिडिओ कॉल नकोत, त्याने दोघीही घाबरतात.

प्रत्येकाला मी जा म्हणतेच असं नाही. औषध नुकतंच बदललेलं असेल, अटॅक आठवड्यातून अनेकदा येत असतील किंवा अलीकडे जीव नकोसा झाल्याचे विचार आले असतील, तर डॉक्टरांशी बोलून दौरा पुढे ढकलावा. दौरे पुन्हा निघतात. तिच्या बाबतीत डॉक्टर आणि मी, दोघांचंही मत जाण्याच्या बाजूने होतं.

तिच्याकडून निरोप यायलाच हवा असं आमचं ठरलं नव्हतं. सहाव्या दिवशी आला. "काल संग्रहालयात आला. अकरा मिनिटं. ती शेजारी बसून होती, हात न धरता. मग आम्ही राहिलेली दालनं बघितली. बस आली, नंतर लिहिते."

परत येईपर्यंत तिने काही लिहिलं नाही.