हनुवटीवरचे केस आणि निकाहाची तारीख

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली तेवीस वर्षांची मुलगी. निकाह मेच्या दुसऱ्या आठवड्यात. फेब्रुवारीअखेर अम्मी आणि आजीसोबत आमच्याकडे सल्ल्याला आली, तेव्हा ओढणी हनुवटीवरून हलू देत नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, तीन-चार जणींची प्रकरणं यात मिसळली आहेत.) पर्समध्ये पार्लरच्या ब्रायडल पॅकेजचं कार्ड होतं: आयब्रो, अप्परलिप, लॅश एक्स्टेन्शन, जेल नेल्स, हेअर एक्स्टेन्शन, गोरेपणाचं क्रीम. मोबाइलवर एक फॉरवर्ड होता, केस उपटणाऱ्या बाईवर अल्लाहची लानत (शाप) आहे असं सांगणारा. तिचा प्रश्न एका वाक्यात होता: "दोन वर्षं हनुवटीचे केस काढतेय, म्हणजे माझी एकही नमाज झाली नाही?"

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलींनी तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: गुन्हा (धर्माच्या नजरेतलं पाप), वुजू (नमाजीआधी हात-तोंड-पाय धुणं) आणि तब्येत. आधी त्या सोडवाव्या लागतात. एखादी गोष्ट गुन्हा असली तरी तिने नमाज बातिल (रद्द) होतेच असं नाही. उलट नेलपॉलिशसारखी साधी गोष्ट गुन्ह्यात मोडत नाही, पण नखापर्यंत पाणी पोचू देत नाही, म्हणून वुजू अडवते.

फॉरवर्डमधली हदीस (पैगंबरांचं वचन) खरी आहे. पैगंबरांचे साथीदार अब्दुल्लाह इब्न मसऊद यांची ही रिवायत (सांगितलेली नोंद) बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. गोंदणाऱ्या, गोंदवून घेणाऱ्या, केस उपटून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात उल्लेख आहे. फॉरवर्डमध्ये नेमका 'सौंदर्यासाठी' हा शब्द गाळला होता. त्या शब्दामुळेच उलमांनी (धर्मपंडितांनी) दोष दूर करणं आणि धडधाकट रूप बदलणं यांत फरक केला. युद्धात नाक गमावलेल्या अरफजांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा पैगंबरांनी सोन्याचं बसवायला सांगितलं, ही रिवायतही याच बाजूची. २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्रजाया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने हीच रेघ धरली: दुभंगलेला ओठ, भाजल्याचे व्रण, अपघाताने आलेली विद्रूपता यांवर शस्त्रक्रिया जायज, निव्वळ हौसेखातर चांगला चेहरा बदलणं नाही. नाक बारीक करणं किंवा ओठांत फिलर भरणं दुसऱ्या बाजूला जातं.

हनुवटीचं उत्तर तर जुनंच आहे. बाईला दाढी-मिशी फुटली तर ती काढणं हराम नाही, उलट मुस्तहब (केलेलं चांगलं) आहे, असं शाफई पंथाच्या इमाम नववींनी लिहिलं आणि दमास्कसचे हनफी पंथाचे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनीही. खानदेशात बहुतेक घरं हनफी, त्यामुळे हे ऐकल्यावर अम्मीचा चेहराही सैल झाला. भुवयांचं मात्र तसं नाही. फॅशनसाठी कोरून बारीक करणं आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती (धर्माचा निर्णय देणारे पंडित) नाजायज सांगतात. फारच दाट, विद्रूप दिसणाऱ्या भुवया नेहमीसारख्या करण्याची सवलत देतात. दोन भुवयांमधली लव अनेक जण भुवईत धरतच नाहीत. म्हणून पार्लरवालीला 'आयब्रो कर' म्हणून मोकळं होऊ नये. धागा कुठून कुठपर्यंत फिरणार ते बोट ठेवून सांगावं.

केसांच्या बाबतीत अस्मा बिन्त अबू बक्र यांची रिवायत आहे: आजाराने मुलीचे केस गळाले, लग्न ठरलेलं, दुसरे केस जोडू का, असं तिच्या आईने पैगंबरांना विचारलं. मनाई झाली. हनफी फिक्हने ही मनाई मानवी केसांवर धरली. लोकर, रेशमी दोरा, नायलॉन यांना मुभा दिली, फसवणूक नसेल तर. पण 'ओरिजिनल हेअर' म्हणून मिळणारं महागडं एक्स्टेन्शन मानवी केसांचंच असतं, म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं. क्लिपचं घ्यावं. मुळाशी गोंदाने चिकटवलेलं असेल तर गुस्लच्या (शुद्धीसाठी सगळ्या अंगाच्या अंघोळीच्या) वेळी पाणी मुळापर्यंत जात नाही.

आता पाणी. मेहंदीचा रंग अडवत नाही, वाळलेला लगदा अडवतो. तो खरवडून काढावा. काळी मेहंदी घेऊच नये. तिच्यात पीपीडी हे केस रंगवायचं रसायन मिसळतात, हातावर फोड येतात आणि पुढे हेअर डायची ॲलर्जी कायमची मागे लागते. जेल नेल्स ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजवल्याशिवाय निघत नाहीत आणि लॅश एक्स्टेन्शनचा गोंद दोन-तीन आठवडे टिकतो. पाच वेळच्या नमाजीला दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी चिकटपट्टीची नखं आणि सिंथेटिक पापणीची पट्टी, वुजू केल्यानंतर लावायची. वुजू टिकला तर जोहर (दुपारची नमाज) ते ईशा (रात्रीची नमाज) निघते, तुटला की काढायचं. वॉटरप्रूफ मस्कारालाही हेच लागू. मासिक पाळीत नमाज नसते, तेव्हा नेलपॉलिश खुशाल लावावी, गुस्लआधी पुसावी.

आजी इतका वेळ गप्प होती. कपाळावर आणि मनगटावर हिरवं गोंदण. "माले लहानपनमा गोंदेल शे, मंग मनी नमाज व्हत नही का?" होते. शाई कातडीच्या आत असते, वरचं पाणी कातडीला लागतंच. आणि अजाण वयात दुसऱ्याने केलेल्या गोष्टीचा बोजा मुलावर नसतो. खरवडून काढण्याची गरज नाही.

खरी चूक पार्लरमध्ये नव्हती. मुलीची पाळी दोन-दोन महिने चुकत होती आणि हे कुणी डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. हनुवटीवर जाड केस आणि अनियमित पाळी, म्हणजे आधी स्त्रीरोगतज्ज्ञ: टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सोनोग्राफी. पीसीओएस निघालं, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी चुकवणारा आणि केस वाढवणारा अंडाशयाचा आजार. गोळ्यांचा केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात. लेझरच्या सहा ते आठ बैठका, दोहोंत चार ते सहा आठवडे. मेपर्यंत दोनच बसणार होत्या आणि त्यातली पहिली तिने वायाच घालवली होती: आठवडाभर आधी थ्रेडिंग करून घेतलं होतं. लेझरला मुळाशी केस लागतो. धागा तो मुळासकट काढतो. मधल्या काळात फक्त रेझर. शिवाय मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या कातडीवर लेझर केला तर भाजतं, म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत दुपारी केळीच्या बागेतली फेरी बंद.

क्रीम कार्डावरून सरळ काढून टाकलं. डबीवर घटकच नव्हते. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने चेहऱ्यावर लव वाढते, म्हणजे जे काढायला आलो तेच पेरायचं. पारा मूत्रपिंडावर जातो. देहाला इजा करणारी गोष्ट शरियतमध्येही जायज नाही, त्यासाठी मुफ्तींकडे जायची गरज पडली नाही.

बाकी प्रश्नांसाठी मात्र जावं. कागदावर लिहून न्यावं: केस कुठे आहेत, डॉक्टरांनी काय निदान केलं, करणारी स्त्री आहे की पुरुष, वस्तू कशाची, निघायला किती वेळ लागतो. 'पार्लर जायज आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, कारण प्रश्नच ढोबळ असतो.

शेवटी अम्मीने हळूच विचारलं: पीसीओएसचं सासरी सांगायचं का? केस काढणं ही फसवणूक नाही. मूल होण्याशी संबंधित निदान लपवणं मात्र पुढे कलहाचं मूळ होतं, म्हणून निकाहाआधी मुलाच्या आईशी बोलून घ्यावं, असं आमचं मत पडलं. अम्मीला ते पटलं नाही. मुलीने पुढच्या रविवारी फोन करून होणाऱ्या नवऱ्यालाच सांगितलं. त्याच्या बहिणीलाही तेच होतं.