राउटर अपडेट केला, मग पासवर्ड कशाला बदलायचा?

प्रश्न : नमस्कार. लातूरला माझी छोटी अभ्यासिका आहे, चाळीसेक पोरं एमपीएससीचा अभ्यास करतात, त्यांच्या वायफायसाठी २०१७ पासून मायक्रोटिकचा राउटर लावलाय. परवा भाच्यानं विनबॉक्स (हा राउटर कॉम्प्युटरवरून चालवायचं सॉफ्टवेअर) उघडलं तर व्हर्जन ६.३९, तो म्हणाला मामा याच्यात पासवर्ड लीक व्हायचं भोक होतं, आणि लगेच अपडेट मारून दिला. आता पासवर्ड पण बदला म्हणतोय. पण तोच पासवर्ड कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला आणि माझ्या ईमेललाही आहे. अपडेट झालंय तर खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि आजच बदला, ईमेलचा सगळ्यात आधी. भाच्याचं ऐका, पोरगं बरोबर बोलतंय.

ते भोक म्हणजे सीव्हीई-२०१८-१४८४७ (सुरक्षेतल्या भोकांच्या जागतिक यादीतला त्याचा नंबर). विनबॉक्स राउटरशी ८२९१ या पोर्टवरून, म्हणजे त्या नंबरच्या दारातून, बोलतं, आणि ६.२९ ते ६.४२ या व्हर्जनमध्ये लॉगिन न करताच त्या पोर्टवरून राउटरमधली फाइल मागता यायची. त्यात युजर आणि पासवर्डची फाइलसुद्धा, आणि तेव्हा पासवर्ड अशा पद्धतीनं ठेवलेले असायचे की फाइल हाती आली की मूळ पासवर्ड निघायचा. म्हणजे चोर नंतर तुमच्याच नावानं रीतसर लॉगिन करणार. कंपनीनं एप्रिल २०१८ मध्ये ६.४२.१ काढून भोक बुजवलं, पण पासवर्ड त्याआधी कोणी नेला असेल तर तो त्याच्याकडं तसाच आहे, अपडेटनं तो परत येत नाही. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये हजारो राउटर असेच ताब्यात घेऊन लोकांच्या ब्राउझरमध्ये क्रिप्टो मायनिंगचा, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर चोरून आभासी चलन कमावायचा, कोड घुसवला होता.

तुम्ही म्हणाल आमच्या लातूरच्या अभ्यासिकेत कोण येतंय. लावणाऱ्यानं डिफॉल्ट फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी मूळची सेटिंग) ठेवली असेल तर बाहेरून धोका कमी, हे खरं, पण तुमची चाळीस पोरं आतल्याच नेटवर्कवर आहेत, त्यांच्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर जरी काही घुसलेलं असेल तरी ८२९१ त्याला समोरच दिसतो.

आता विनबॉक्स उघडून बघा. सिस्टीममध्ये युजर्स, स्क्रिप्ट्स आणि शेड्युलर, तिथं तुम्ही न टाकलेलं काही आहे का? आयपीमध्ये सॉक्स आणि वेब प्रॉक्सी (दुसऱ्याचा ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून फिरवायच्या सोयी) चालू आहेत का? टूल्समध्ये पॅकेट स्निफर (येणारा-जाणारा ट्रॅफिक टिपणारं साधन) बघायला विसरू नका, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये साडेसात हजारांवर राउटर आपला ट्रॅफिक गुपचूप भलत्याच पत्त्यावर पाठवताना सापडले होते, मालकांना पत्ताच नाही. यातलं काही दिसलं तर नुसतं डिलीट करून भागवू नका, नेटइन्स्टॉलनं (राउटरमध्ये सगळं नव्यानं भरायचं मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) राउटर कोरा करा आणि सेटिंग हातानं नव्यानं टाका. जुना बॅकअप चढवला तर जुने युजर, जुने पासवर्ड सगळे परत येतील.

शेवटी आयपी सर्व्हिसेसमध्ये विनबॉक्सच्या ओळीवर 'अव्हेलेबल फ्रॉम'मध्ये फक्त तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाका, आणि नेटवाल्याकडून पीपीपीओईचा, म्हणजे नेट कनेक्शनच्या लॉगिनचा, पासवर्डही बदलून घ्या, तोही त्याच राउटरमध्ये पडून होता.