‘सहमत असाल तर हो लिहा’ छाप पोस्ट न टाकता फेसबुक पेजवर खरा प्रतिसाद कसा मिळवायचा?

तुमच्या निसर्ग मंडळाच्या पेजला अठरा हजार फॉलोअर आहेत, ‘हो लिहा’ म्हटलं की शेकडो ‘हो’ पडतात आणि वृक्षारोपणाच्या पोस्टकडे मात्र कुणी फिरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दिवसाला किती पोस्ट टाकाव्यात आणि किती वाजता, हेही विचारलंय. वेळेचं शेवटी सांगतो. तुमचा प्रश्न वाचला आणि मला २०१९ चा फेब्रुवारी आठवला, तो आधी सांगतो.

आम्ही जुन्नरकडच्या एका किल्ल्यावर पाण्याची टाकी साफ करतो. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या मित्राबद्दल लिहिणार आहे तो त्यावरून लगेच ओळखू येईल. २०१६ ला सहा जणांनी सुरुवात केली. लेखी परवानगी काढायची आणि उन्हाळ्यात कातळात खोदलेल्या टाक्यांमधला गाळ उपसायचा, एवढंच काम. टिकावाने गाळ सुटा करायचा, घमेल्यात भरायचा आणि हातोहात वर द्यायचा. या साखळीला पंधरा माणसं लागतात. दहाच असली तर प्रत्येकाला भरलं घमेलं घेऊन चार पावलं चालावं लागतं आणि अकरा वाजेपर्यंत कंबर धरते. पेज काढलं ते या पंधरा माणसांसाठी. दुसरा काही हेतू नव्हता.

पेज माझा मित्र सांभाळायचा. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या सकाळी त्याने नेटवरून घेतलेलं महाराजांचं चित्र टाकलं आणि वर लिहिलं, ‘खरा मावळा असशील तर जय शिवराय लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाहीस.’ रात्रीपर्यंत चार हजारांच्या वर कमेंट. नांदेड, कोल्हापूर, सुरत, थेट दुबईहूनसुद्धा. तो दर तासाला फोन करून मला आकडा सांगत होता आणि मीही हरखून गेलो होतो. त्याच पोस्टखाली त्याने रविवारच्या श्रमदानाची माहिती दिली होती. रविवारी, २४ तारखेला, सकाळी सहा वाजता पायथ्याच्या देवळापाशी आम्ही अकरा जण उभे होतो. त्यातले नऊ नेहमीचेच.

उतरताना आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, महाराजांच्या नावाने माणसाला अडवून कमेंट वसूल करणं मला पटत नाही. ‘जय शिवराय’ माणसाच्या पोटातून यायला हवं, न लिहिणारा खोटा मावळा ठरतो असा धाक घालून नव्हे. त्याचं म्हणणं सरळ होतं: ‘आधी गर्दी जमू दे. दहा हजारांत दहा तरी कामाची निघतीलच की.’ माझ्याकडे तेव्हा या हिशोबाला उत्तर नव्हतं. तत्त्वाचं बोलत राहिलो आणि तो आकडे दाखवत राहिला. दोन महिन्यांत तो वेगळा झाला आणि त्याने स्वतःचं पेज काढलं. आता त्याला लाखांवर माणसं आहेत.

त्याचा हिशोब कुठे चुकतो ते मला पुढे कळलं. फेसबुक तुमची पोस्ट सगळ्या फॉलोअर्सना दाखवत नाही. आधी काही जणांना दाखवतं आणि त्यांनी काय केलं ते बघून पुढे कुणाला दाखवायची ते ठरवतं. तुमच्या पेजवर कोण बोलतं, यावरून तुमचं पेज कुणासाठी आहे हे ते शिकतं. आम्ही चार हजार लोकांना शिकवलं की इथे येऊन दोन शब्द टंकायचे आणि निघायचं. मग गाळाची पोस्ट टाकली की ती आधी याच मंडळींपुढे जाणार. टंकायला काही नाही म्हणून ते अंगठा वर सरकवणार आणि यंत्र समजणार की पोस्टच टाकाऊ आहे. ज्या पिंपरी-चिंचवडच्या पोराने रविवारी पहिल्या एसटीने यायची तयारी ठेवली असती, त्याच्यापर्यंत ती पोचणारच नाही. दहा हजारांतून दहा निघत नाहीत, ते दहा हजार त्या दहांच्या वाटेत उभे राहतात. मित्राला त्या दिवशी हे सांगता आलं नाही म्हणून इथे सांगतोय.

फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की लाइक, शेअर, टॅग, मत किंवा कमेंट मागणाऱ्या आमिषाच्या पोस्ट खाली ढकलल्या जातील. म्हणजे आमची ती पोस्ट ही घोषणा होऊन वर्ष उलटल्यानंतरची, तरी ती धावली. म्हणून ‘फेसबुक शिक्षा करेल’ अशी भीती मी तुम्हाला घालत नाही. शिक्षा झाली नाही तरी नुकसान होतं ते होतंच, आणि माझ्या मते न पकडलं जाणं जास्त वाईट, कारण मग सवय सुटत नाही.

मित्र वेगळा झाल्यावर पेज माझ्याकडे आलं. मला लिहिता येत नाही, फोटोही बेताचेच. एप्रिलमध्ये एका टाक्याच्या काठावर मापाची पट्टी ठेवून फोटो काढला. कातळात ओळीने कोरलेले पाच खळगे, मूठ जाईल एवढे, एकमेकांपासून दोन-दोन हातांवर. टाक्यावर सावलीसाठी छप्पर असे, त्याच्या खांबांसाठी असे खळगे असतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण पाचवा खळगा ओळीत बसत नव्हता. बाजूला सरकलेला, तळाशी जास्त गुळगुळीत आणि बशीसारखा पसरट. मी तेच लिहिलं. चार कळतात, पाचवा कळत नाही, कुणाला काही माहीत आहे का?

अडतीस कमेंट आल्या. चार हजारांपुढे अडतीस! पण त्या सगळ्या मी एसटीत बसून वाचल्या आणि प्रत्येकीला उत्तर दिलं. एकाने दुसऱ्या किल्ल्यावरच्या तशाच खळग्याचा फोटो जोडला. बांधकामातल्या एका गृहस्थांनी छपराचा उतार कुठल्या बाजूला असेल ते कागदावर काढून टाकलं. आणि एक कमेंट आली पायथ्याच्याच गावच्या, आता भोसरीला कंपनीत असलेल्या मुलाची. त्याने आजीला फोटो दाखवला होता. ती लहानपणी गुरं घेऊन वर जायची. पाचव्या खळग्यात गुराखी मीठ-मिरची वाटायचे, म्हणून तो गुळगुळीत! खाली त्याने अजून एक ओळ लिहिली होती: ‘आजी म्हणते वरच्या अंगाला चर आहे, तो बुजलाय. आधी तो मोकळा करा, नाहीतर पावसात सगळी माती परत टाक्यात येईल.’

तीन वर्षं आम्ही दर उन्हाळ्यात त्याच टाक्यातला गाळ काढत होतो आणि दर पावसाळ्यात तो परत भरत होता. टाक्याच्या वरच्या बाजूला कातळात वीतभर रुंद चर खोदलेला होता, डोंगरावरून वाहून येणारं गढूळ पाणी बाजूला काढायला. तो माती आणि कारवीच्या मुळांनी बुजला होता. आम्ही त्यावर बसून पोहे खायचो.

पुढच्या रविवारी एकोणीस जण आले. त्यातले चार गावातले होते आणि भोसरीच्या मुलाचा चुलतभाऊ स्वतःची पहार घेऊन आला होता. चर मोकळा केला. त्या पावसानंतर टाक्यात गाळ साठला तो बोटभर.

आता तुमचा प्रश्न. ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर हवंय तेच विचारा. ‘झाडं वाचली पाहिजेत ना?’ याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, विचारणं हीच फसवणूक आहे. ‘गेल्या वर्षी ओढ्याकाठी लावलेली करंजाची रोपं वाळली, शेजारची जांभळं जगली, असं का झालं असेल?’ हे विचारून बघा. एखादा शेतकरी सांगेल, एखादा नर्सरीवाला खोडून काढेल, आणि ते दोघं पुढच्या वेळी कुदळ घेऊन येतील, कारण त्या रोपांत आता त्यांचं मत गुंतलंय. फसलेलं लपवू नका, लोक फसलेल्यावरच जास्त बोलतात. माणूस काही सांगून गेला तर महिन्याने त्याच पोस्टखाली लिहा की तुम्ही म्हणालात तसं केलं, असं झालं. हे कुणी करत नाही आणि याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. कमेंट मोजायच्याच असतील तर ज्यांतून तुम्हाला नवं काही कळलं तेवढ्याच मोजा. आमच्या अडतीसांतल्या सात होत्या. चार हजारांतली एकही नव्हती.

२०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी धरून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हाही हेच झालं. ‘तुमचा आवडता किल्ला कमेंटमध्ये लिहा’ म्हणणाऱ्या पोस्टचा महापूर आला. त्या बारांतला जिंजी तामिळनाडूत आहे आणि राजाराम महाराजांनी तिथून वर्षानुवर्षं मोगलांशी झुंज दिली, हे सांगणारी पोस्ट मला मोठ्या पेजवर क्वचितच दिसली. माहिती देणाऱ्या पोस्टला कमेंट कमी पडतात म्हणून ती टाकायचीच नाही, या विचाराचा मला राग येतो.

दोन गोष्टी राहिल्या. मागणं म्हणजे आमिष नव्हे. ‘रक्त हवंय, शेअर करा’, ‘मूल हरवलंय’, ‘कुठे राहावं, सुचवा’ हे खुशाल लिहा. फेसबुकनेही २०१७ च्या त्याच घोषणेत मदत, सल्ला, शिफारस मागणाऱ्या पोस्टना यातून वगळलं होतं. आणि मी सांगतोय ते हाताने काम करणाऱ्या छोट्या गटाचं आहे. तुम्हाला पेजच्या जाहिरातींवर पोट भरायचं असेल तर माझ्या मित्राचं गणित माझ्यापेक्षा बरोबर असू शकेल. तो वाईट माणूस नाही, आमचं पहिलं घमेलं त्यानेच विकत आणलं होतं. पण त्याला पंधरा माणसं हवी होती आणि ती त्याच्या त्या पेजने कधी दिली नाहीत.

वेळेचं: आम्ही आठवड्याला एकच पोस्ट टाकतो, गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला. रविवारी कुठे जायचं ते लोक शुक्रवारी-शनिवारी ठरवतात, आणि भोसरी-चाकणच्या पोरांची पहिली पाळी सुटून जेवणं उरकलेली असतात. तुमची माणसं कधी मोकळी असतात ते त्यांनाच विचारा, हाही खरा प्रश्नच आहे. यंदा आमचं वरच्या माचीवरचं टाकं आहे, गाळ छातीएवढा. मित्रा, तू हे वाचत असशील तर या गुरुवारी पोस्ट येईल. साखळीत अजून चार जण कमी आहेत.