तिसरी खेप, सात वार : अमेरिकन फुटबॉलमधला ‘डाउन’

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलं आहे : “मुलीकडे आले आहे. रविवारी दुपारपासून टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असतो आणि नातू ‘थर्ड अँड सेव्हन’ असं काहीतरी ओरडत असतो. विचारलं तर म्हणतो, तिसरा डाउन. हा डाउन म्हणजे काय? मराठीत त्याला काय म्हणता येईल? आणि सगळा खेळ हातांनी चालतो, तर नाव फुटबॉल कसं?”

ताई, तुम्ही नेमका कळीचा शब्द धरलात. या खेळाचे नियम पुष्कळ आहेत, पण ‘डाउन’ समजला की समोर काय चाललंय ते निम्म्याहून जास्त कळू लागतं. म्हणून बहुतेक उत्तर त्याच शब्दावर खर्च करतो.

आधी ‘डाउन’ ही एक आरोळी होती. इंग्लंडमध्ये १८७१ साली रग्बीचे नियम लिहिले गेले. त्यांत असं होतं की, चेंडू घेऊन पळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी पकडलं आणि चेंडू घट्ट धरला गेला, की त्याने ताबडतोब ‘डाउन’ असं ओरडायचं आणि चेंडू तिथेच खाली ठेवायचा. ‘धरलात मला, हा ठेवला खाली’ एवढाच त्याचा अर्थ. तोंडाने उच्चारायचा शब्दच पुढे खेळाची संज्ञा झाला. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘हुतूतू’ हे आपल्या खेळाचं नावसुद्धा दम धरून घुमवण्याच्या आवाजातूनच आलं.

आता ती आरोळी उरली नाही, पण स्थिती तीच आहे. चेंडू नेणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने पाडलं आणि त्याचा गुडघा, कोपर किंवा पाठ जमिनीला लागली, की खेळ थांबतो. चेंडू तिथे ‘डाउन’ झाला. पुढचा खेळ त्याच जागेवरून. म्हणजे ‘खाली’ हा मूळ अर्थ अगदी सरळ आहे. अडचण पुढच्या अर्थाची आहे, कारण चेंडू किती वेळा खाली आला ते मोजता मोजता ‘डाउन’ म्हणजे ‘एक प्रयत्न’ असा दुसरा अर्थ तयार झाला.

हे मोजणं कुठून आलं त्याचा किस्सा मला फार आवडतो. १८८० साली येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने एक मोठा बदल झाला. रग्बीत पकडापकडीनंतर चेंडूवर दोघांचा सारखाच हक्क असतो, ज्याला मिळेल त्याने घ्यावा. कॅम्प यांनी ठरवलं की, चेंडू ज्या संघाकडे होता त्याच्याकडेच राहील आणि तो संघ शांतपणे पुन्हा सुरुवात करील. कल्पना चांगली होती, पण तिच्यातली फट लगेच सापडली. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात एका संघाने अर्धा वेळ चेंडू नुसता धरून ठेवला, दुसऱ्याने उरलेला अर्धा वेळ तेच केलं आणि सामना शून्य-शून्य सुटला. प्रेक्षकांनी पाहायचं तरी काय? म्हणून १८८२ मध्ये अट आली : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. (दहा यार्ड मागे हटून चेंडू राखण्याचीही तेव्हा मुभा होती.)

इथे थोडं थांबू. यार्डाला आपल्याकडे फार जुना, हाताशी असलेला शब्द आहे, ‘वार’. पाचवारी, नऊवारी. १८८२ ची अट म्हणजे एका पाचवारीची लांबी. पुढे १९०६ मध्ये पाचाचे दहा वार झाले आणि १९१२ मध्ये तीनाचे चार प्रयत्न झाले. आजची अट तीच आहे : चार प्रयत्नांत दहा वार. नऊवारी लुगडं मैदानावर उभं पसरलं तर एकच वार कमी पडेल. हे अंतर टीव्हीवर पाहून डोळ्यांत बसत नाही, लुगड्याने बसतं. मैदान रेघेपासून रेघेपर्यंत शंभर वार आणि दोन्ही टोकांना दहा-दहा वारांचे पट्टे (समोरच्या रेघेपलीकडे चेंडू नेणं हाच सगळा खटाटोप), रुंदी १६० फूट. सगळं मिळून साधारण त्रेपन्न गुंठे, म्हणजे एक एकर तेरा गुंठे. शेत पाहिलेल्या माणसाला आता मैदान दिसलं असेल.

मग ‘डाउन’ला मराठीत काय म्हणायचं? मी चार शब्द तपासले.

पहिला मनात आला तो ‘डाव’. ध्वनीनेही जवळचा. पण क्रिकेट आणि खो-खो यांनी ‘डाव’ला लांबलचक करून ठेवलंय, आणि हा प्रयत्न तर चार-सहा सेकंदांत संपतो. शिवाय ‘डाव’ मला दुसऱ्या कामासाठी हवा आहे. बहुतेक प्रयत्नांआधी चेंडू असलेला संघ कोंडाळं करून उभा राहतो आणि कोण कुठे धावणार, चेंडू कोणाला जाणार हे ठरवतो. त्या आखलेल्या चालीला इंग्रजीत ‘प्ले’ म्हणतात. कुस्तीतला ‘डाव’ तो हाच : ढाक, धोबीपछाड, आधी मनात ठरवून टाकलेला. तेव्हा ‘प्ले’ म्हणजे डाव.

दुसरा शब्द ‘चढाई’. कबड्डीमुळे तो जिभेवर आहेच. पण कबड्डीतला चढाईवीर एकटा जातो आणि परत येतो. इथे अख्खा संघ पुढे सरकतो आणि परतायचं नसतं. मात्र एका संघाने चेंडू हातात आल्यापासून तो सुटेपर्यंत केलेल्या सगळ्या प्रयत्नांना इंग्रजीत ‘ड्राइव्ह’ म्हणतात. त्याला ‘चढाई’ चपखल बसतो, गडावरच्या चढाईसारखा.

तिसरा ‘पाळी’. पण पाळी म्हटलं की माझ्यानंतर तुझी, असा अर्थ आपोआप येतो. इथे एकाच संघाला लागोपाठ चार मिळतात.

चौथा ‘खेप’, आणि मी याच्याच बाजूचा आहे. ‘या खेपेला’ म्हणताना आपण वेळ मोजतो आणि ‘विहिरीवरून पाण्याच्या चार खेपा केल्या’ म्हणताना ओझं वाहून नेणं मोजतो. चेंडू हे ओझं आहे, तो पुढे वाहून न्यायचा आहे आणि खेपा मोजून चारच आहेत. ‘डाउन’मध्ये मोजणं आहे पण वाहणं नाही. आपल्या शब्दात दोन्ही आहे. आणि या शब्दाबरोबर त्याचं गोतावळंही येतं. फेकलेला चेंडू कोणाला झेलता आला नाही, तर तो पुन्हा जुन्याच जागी येतो आणि एक प्रयत्न खर्ची पडतो. त्याला मराठीत सरळ म्हणता येतं : खेप वाया गेली, नुसता हेलपाटा झाला.

आता नातवाचं ‘थर्ड अँड सेव्हन’ पाहा. पहिला आकडा कितवी खेप, दुसरा किती वार उरले. सुरुवात बहुतेक वेळा ‘पहिली, दहा’ अशी. पहिल्या खेपेत तीन वार सरकले, झालं ‘दुसरी, सात’. दुसऱ्या खेपेत चेंडू फेकला, झेल सुटला, हेलपाटा. म्हणून ‘तिसरी, सात’. तिसऱ्या खेपेत आठ वार मिळाले की दहा पुरे झाले, आणि पुन्हा ‘पहिली, दहा’. इंग्रजीत या यशालाही ‘फर्स्ट डाउन’च म्हणतात, आणि नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. चारांतला पहिला प्रयत्न तोही फर्स्ट डाउन, आणि दहा वार पुरे करून नव्या चार खेपा मिळवणं तेही फर्स्ट डाउन. मराठीत हे वेगळं ठेवावं. पहिल्याला ‘पहिली खेप’ आणि दुसऱ्याला ‘दहा वार पुरे’.

हे आकडे पडद्याच्या खालच्या पट्टीत सतत असतात. मैदानावर आडवी पिवळी रेघ दिसते ती दहा वार कुठे पुरे होतात त्याची. ती मैदानावर आखलेली नसते, १९९८ पासून संगणक चित्रावर काढतो. प्रेक्षागारात बसलेल्यांना ती दिसतच नाही. त्यांच्यासाठी मैदानाच्या कडेला दोन काठ्यांना बांधलेली दहा वारांची साखळी असते, आणि शंका आली की ती मैदानात आणून चक्क जमीन मोजतात त्याप्रमाणे अंतर मोजायची जुनी रीत आहे (व्यावसायिक संघांच्या ‘एनएफएल’ स्पर्धेत मात्र २०२५ पासून हे मोजमाप मुख्यतः कॅमेऱ्यांनी होतं). नव्या माणसाने आधी चेंडूकडे पाहू नये असं माझं मत आहे. आधी खालचे दोन आकडे पाहावे, मग पिवळी रेघ, मग चेंडू. तिसऱ्या खेपेला बरेच वार उरले असतील तर चेंडू फेकला जाण्याची शक्यता जास्त, आणि एखादाच वार उरला असेल तर गर्दीतून रेटा देण्याची.

चौथी खेप ही सगळ्यांत मोठ्या निर्णयाची. जमलं नाही तर चेंडू आहे तिथे प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. म्हणून बहुधा संघ चौथ्या खेपेला चेंडू पायाने लांब मारून देतो, म्हणजे निदान प्रतिस्पर्ध्याला दुरून सुरुवात करावी लागेल. समोरच्या टोकाचे गोलचे खांब जवळ असतील तर चेंडू त्यांच्यामधून लाथाडून तीन गुण घेतो. आणि धाडस असेल तर खेळतो. घरातली मंडळी सोफ्याच्या कडेला सरकून बसतात ती याच वेळी.

इथेच तुमचा फुटबॉलचा प्रश्न सुटतो. पाय गेलेला नाही, फक्त मागे पडलाय. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये, म्हणजे तुम्ही आहात त्या एडिसनच्या शेजारच्याच गावात, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला. अमेरिकन फुटबॉलचा पहिला महाविद्यालयीन सामना म्हणून तोच सांगितला जातो. प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायला बंदी. रटगर्स ६-४ ने जिंकलं. तेव्हा नाव शोभत होतं. पुढे १८७४ मध्ये हार्वर्डचा कॅनडातल्या मॅकगिलशी सामना झाला, हार्वर्डला त्यांचा रग्बीच्या वळणाचा खेळ आवडला आणि चेंडू हातात आला. रग्बीचं पूर्ण नावही ‘रग्बी फुटबॉल’च आहे. ‘सॉकर’ हा शब्दही अमेरिकेतला नाही, तो इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या ‘असोसिएशन’ची मोडतोड करून काढला. एकाच कुळातली ही भावंडं, ज्या देशात जो वाढला त्याने आडनाव राखलं.

काही शब्द चटकन सांगून टाकतो. ‘स्क्रिमेज’ म्हणजे ‘स्कर्मिश’चंच रूप, आपली ‘चकमक’. दोन्ही संघ जिथे समोरासमोर उभे राहतात ती चकमकीची रेघ. ‘क्वार्टरबॅक’ म्हणजे चेंडू हातात घेऊन तो फेकणारा किंवा दुसऱ्याला देणारा, डाव चालवणारा खेळाडू. या नावाचा सामन्याच्या चार भागांशी संबंध नाही. पुढच्या रांगेपासून किती मागे उभं राहायचं त्याची ही मापं होती : पाव (क्वार्टर), निम्मं (हाफ), पूर्ण (फुल). मात्र आज फुलबॅक बरेचदा हाफबॅकच्या पुढे उभा असतो, नावं जुनीच राहिली. ‘टचडाउन’ म्हणजे रेघेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. आता टेकवावा लागत नाही, चेंडू रेघेवरून गेला तरी सहा गुण. त्यानंतर लाथेने एक किंवा पुन्हा आत शिरून दोन. १८८३ च्या गुणपद्धतीत टचडाउनला दोनच गुण होते आणि मैदानातून लाथेने केलेल्या गोलाला पाच. पायाचा मान किती होता ते त्यावरून कळतं.

‘हडल’ म्हणजे मघाचं कोंडाळं. त्याची सुरुवात वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात १८९० च्या दशकात झाली असं मानतात. तिथले खेळाडू हातांच्या खुणांनी बोलत आणि समोरच्या संघाला त्या दिसू नयेत म्हणून गोल करून उभे राहत. ‘हेल मेरी’ हा शेवटच्या क्षणी लांबवर फेकलेला चेंडू. २८ डिसेंबर १९७५ ला डॅलसच्या रॉजर स्टॉबाक यांनी असा चेंडू फेकून सामना जिंकला आणि आपण डोळे मिटून ‘हेल मेरी’ ही मेरीमातेची प्रार्थना केली असं सांगितलं, तेव्हापासून हा शब्द सर्वतोमुखी झाला. प्रार्थना तीच, जी गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘नमान मोरिये’ म्हणून म्हणतात. मराठी प्रेक्षकाने अशा वेळी देव पाण्यात घालावेत.

एक गोष्ट मात्र भाषांतरात उलटी होते, ती सांगायलाच हवी. मराठीत ‘गुडघे टेकले’ म्हणजे शरण गेला. या खेळात सामन्याच्या शेवटी क्वार्टरबॅक चेंडू घेऊन आपणहून गुडघा टेकतो, आणि तो जिंकत असलेल्या संघाचा असतो. गुडघा टेकला की चेंडू डाउन, खेप खर्ची, घड्याळ मात्र चालू. दोन-तीनदा असं केलं की वेळ संपतो. यामागे तुमच्याच राज्यातली आठवण आहे. १९ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यू यॉर्क जायंट्स (नाव न्यू यॉर्कचं, मैदान न्यू जर्सीतलं) फिलाडेल्फियाच्या ईगल्सविरुद्ध १७-१२ ने पुढे होते, काही सेकंदच बाकी होते. गुडघा टेकण्याऐवजी त्यांनी नेहमीसारखा डाव टाकला. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे देताना सुटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्स यांनी तो उचलला आणि थेट रेघेपार नेला. ईगल्स १९-१७ ने जिंकले. त्यानंतर अशा वेळी गुडघा टेकण्याची खास रचनाच सगळे संघ वापरू लागले.

‘टचडाउन’चं लिंग तुम्ही विचारलं नाहीत, पण नातवाशी बोलताना अडेल. ‘गोल झाला’च्या चालीवर ‘टचडाउन झाला’ म्हणा. ‘डाउन’ मात्र, माझं ऐकलंत तर, स्त्रीलिंगी खेपेला देऊन टाका. येत्या रविवारी तो ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणाला की तुम्ही ‘तिसरी खेप, सात वार’ म्हणा, आणि त्याला नऊवारी म्हणजे किती ते एकदा मोजून दाखवा.